श्वासाचा निरोप

सायटोक्रोम सी हे प्रथिन लाल असतं. रक्त ज्या कारणाने लाल, त्याच कारणाने हेही लाल: मधोमध लोखंडाचा एक अणू धरून ठेवलेली रंगद्रव्याची चौकट. माणसातलं हे प्रथिन अवघ्या १०४ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांमध्ये अगदीच किरकोळ अंगकाठीचं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला दोन आवरणं असतात आणि त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते राहतं. एका मोठ्या प्रथिनसंचाकडून एक इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढच्या संचाला नेऊन द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्या पुढच्या संचात ऑक्सिजन वाट पाहत असतो. ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे या प्रथिनाच्या चार खेपा. आपण श्वास घेतो तेव्हा छाती वरखाली होताना दिसते, नाकाला गार हवा लागते. पण ती हवा ज्यासाठी घ्यायची ते काम या खेपांपाशी पुरं होतं. सायनाइड माणसाला इतक्या झटपट मारतं, कारण ते नेमका हा पुढचा संच अडवतं. हवा आत येत राहते, रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, आणि तो घेणारं मात्र कुणी उरत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशीश्वसनाचा धडा आला की फळ्यावर मोठमोठ्या चौकटी काढते आणि त्यांच्यामध्ये एक लहानसं वर्तुळ. त्या वर्तुळात ‘सायट. सी’ असं लिहिलं की मुलं ते वहीत उतरवून घेतात. त्या आकृतीत या प्रथिनाचं निम्मंच चरित्र मावतं. उरलेलं निम्मं असं, की हे प्रथिन आपली जागा सोडून बाहेर आलं तर पेशी मरते. इजा होऊन फुटून नव्हे. ठरल्या क्रमाने, शिस्तीत, स्वतःचं सगळं आवरून मरते.

आधी पहिलं निम्मं, कारण त्याची गोष्टही मला फार प्रिय आहे. डेव्हिड केलिन हा मूळचा कीटकशास्त्रज्ञ. मॉस्कोत जन्मलेला पोलिश माणूस, पुढे केंब्रिजमध्ये स्थिरावला. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीचा तो अभ्यास करत होता. तिच्या अळीत हिमोग्लोबिन असतं; अळीची माशी होते तेव्हा ते कुठे जातं, हा त्याचा प्रश्न. माशीच्या छातीचे स्नायू त्याने वर्णपटदर्शकातून पाहिले तर वेगळ्याच चार काळ्या पट्ट्या दिसल्या. मग त्याने त्या इतरत्र शोधल्या. त्या यीस्टमध्ये सापडल्या, जिवाणूंमध्ये सापडल्या. आणि यीस्ट पाण्यात कालवून नळी जोरात हलवली, म्हणजे त्यात हवा मिसळली, की पट्ट्या पुसल्या जात. नळी थोडा वेळ तशीच ठेवली, यीस्टने ऑक्सिजन वापरून टाकला, की पुन्हा उमटत. पेशीचा श्वास डोळ्यांनी पाहणारा हा माणूस. हे १९२५ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी जवळपास ४० वर्षं, १८८४ च्या सुमारास, वुल्व्हरहॅम्प्टन गावातल्या चार्ल्स मॅकमन नावाच्या डॉक्टरने आपलं रुग्णांचं काम सांभाळून याच पट्ट्या कितीतरी प्राण्यांत पाहिल्या होत्या आणि श्वसनाशी त्यांचा संबंध आहे असं लिहिलंही होतं. जर्मनीतल्या होप-झायलर या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाला ते पटलं नाही. हा हिमोग्लोबिनचाच काहीतरी अवशेष असणार, असं ठरून गेलं. मॅकमन १९११ मध्ये वारला, त्याचं म्हणणं खरं ठरण्याच्या १४ वर्षं आधी. केलिनने आपल्या लेखात त्याला त्याचं श्रेय पुरतं दिलं, याचं मला फार समाधान वाटतं.

पुढे १९६० च्या दशकात इमॅन्युएल मार्गोलिआश आणि इतरांनी वेगवेगळ्या जिवांतल्या सायटोक्रोम सीची अमिनो आम्लं एकेक करून ओळीने लावली. माणसाची आणि चिंपांझीची ओळ तंतोतंत सारखी. ऱ्हीसस माकडाची एका जागी वेगळी. घोड्याची १२ जागी. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ओळ लावून पाहिली तरी निम्म्याहून जास्त जागा जुळतात. वॉल्टर फिच आणि मार्गोलिआश यांनी १९६७ मध्ये केवळ या फरकांची मोजदाद करून जिवांचा वंशवृक्ष मांडला, आणि तो हाडांवरून, अवयवांवरून मांडलेल्या वृक्षाशी बराच जुळला. कोट्यवधी वर्षं हे प्रथिन फारसं बदललं नाही, कारण बदलायला वावच नव्हता. ज्या जिवात ते बिघडलं तो जगलाच नाही.

आता मरणाकडे येते. पेशी स्वतःहून मरतात हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून दिसत होतं. बेडकाच्या पिल्लाची शेपटी कुठे जाते, हा प्रश्न ज्याला पडला त्याला ते दिसलंच असणार. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो आणि बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. पण या मरणाची सविस्तर लक्षणं सांगून त्याला वेगळं नाव दिलं ते केर, वायली आणि करी या तिघांनी, १९७२ मध्ये. अपोप्टोसिस. पेशी आकसते, केंद्रकातला ऐवज घट्ट होतो, डीएनएचे तुकडे पडतात, पेशी लहान लहान पुरचुंड्यांत वाटली जाते आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. कुठे सूज नाही, पू नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अशा पाच ते सात हजार कोटी पेशी जातात, असा अंदाज आहे. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांनी एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीची प्रत्येक पेशी मोजली तेव्हा कळलं, की तो वाढताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१. मरणाचीही जनुकं असतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांना २००२ चं नोबेल मिळालं.

माणसात हे मरण सुरू कुठून होतं, याचा शोध अमेरिकेत शियाओडाँग वाँग आणि त्यांचे सहकारी घेत होते. त्यांच्याकडे हेला पेशी होत्या. या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात, तिला न विचारता घेतलेल्या. ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली. पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. पेशीच्या मरणाबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं फार मोठं ज्ञान मरणं विसरलेल्या या पेशींनी दिलं. ते वाचताना दर वेळी मला त्या बाईची आठवण काढावीशी वाटते, कारण तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं याची साधी खबरही नव्हती.

वाँग यांच्या गटाने हेला पेशी फोडून त्यांतला द्रव वेगळा केला. त्यात डीएटीपी नावाचं रसायन घातलं की मरणाची कात्री असलेलं कॅस्पेज-३ हे प्रथिन जागं होत होतं. म्हणजे चेतवणारं जे काही होतं ते त्या द्रवात होतं. तो द्रव ते गाळत गेले, वेगळा करत गेले, आणि त्यातला एक आवश्यक घटक हाती आला तो गुलाबी निघाला. रंगावरून आणि वर्णपटातल्या पट्ट्यांवरून ओळख पटली. केलिनचंच सायटोक्रोम सी. मग त्यांनी पेशी जपून, साखरेच्या द्रावणात फोडल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतील. त्या द्रवात सायटोक्रोम सी नव्हतं आणि त्यातली कात्रीही जागी झाली नाही. हे १९९६ मध्ये छापून आलं. ऊर्जेच्या धड्यात ७० वर्षं निमूट इलेक्ट्रॉन वाहणारं प्रथिन मरणाचा निरोप नेतं, हे पचनी पडायला अनेकांना जड गेलं. पुढच्याच वर्षी तो निरोप घेणारं प्रथिनही सापडलं, अपाफ-१. ते एरवी मिटून पडलेलं असतं. सायटोक्रोम सी येऊन चिकटलं की उघडतं, आणि अशी सात प्रथिनं एकत्र येऊन सात आऱ्यांचं चाक होतं. त्या चाकावर पहिली कात्री जागी होते, ती पुढच्या कात्र्यांना जागं करते. एकदा मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पडायला लागली, की काही मिनिटांत पेशीतला सायटोक्रोम सीचा जवळपास सगळा साठा बाहेर येतो.

एकच प्रथिन खरोखर दोन्ही कामं करतं, हे सिद्ध करणं मात्र अवघड होतं. उंदराच्या गर्भातून सायटोक्रोम सी काढूनच टाकलं तर गर्भ अर्ध्या वाटेत मरतो, कारण श्वासच बंद होतो. मरणाचं काम थांबलं का ते पाहायला तो उरतच नाही. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये यावर काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. त्यांनी उंदरात त्या साखळीतलं ७२ वं अमिनो आम्ल तेवढं बदललं, लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन. असं प्रथिन इलेक्ट्रॉन पूर्वीसारखाच वाहतं, पण अपाफ-१ ला उघडू शकत नाही. श्वास शाबूत, निरोप बंद. त्या उंदरांचा श्वास चालला, आणि तरीही बहुतेक पिल्लं जन्माच्या आसपास मेली. मेंदूत ज्या पेशींनी मरायला हवं होतं त्या मेल्या नव्हत्या. कित्येकांचा मेंदू वाढून कवटीबाहेर आला होता. जगायला श्वास पुरत नाही. त्या प्रथिनाचं दुसरं कामही लागतं.

उलटा नमुना माणसांतच आहे. न्यूझीलंडमधल्या एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या प्लेटलेट कमी असतात. त्यांच्या सायटोक्रोम सीमध्ये एका जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आलं आहे आणि त्यामुळे ते मरणाचा निरोप नेहमीपेक्षा अधिक जोमाने देतं, असं २००८ मध्ये समजलं. पण ही माणसं धडधाकट आहेत. रक्तस्राव नाही, आयुष्य तोकडं नाही. रक्ततपासणी झाली नसती तर त्यांना ते कळलंही नसतं. म्हणजे निरोप देणारा उतावळा असून भागत नाही. त्याला बाहेर येऊ देणारी भिंतच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं आवरणच, सगळं ठरवते.

त्या भिंतीशी आमच्या घराचा संबंध आला तो अण्णांमुळे. माझे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. निवृत्तीनंतर कधीतरी साध्या तपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टर म्हणाले, तूर्त काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. घरात ते कुणालाच समजेना. रक्ताचा कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे ऐकून आई देवापाशी बसून राहिली. अण्णांनी मला विचारलं, “पोरी, ह्या पेशी लई भराभर वाढत्यात म्हणून आकडा फुगतोय न्हवं?” मी म्हटलं, “तसं नाही अण्णा. वाढतात बेतानंच, पण त्यांच्या वेळेला मरत नाहीत. साचत जातात.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मरण असं रोखून धरणाऱ्या प्रथिनाचं नाव बीसीएल-२. दुसऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात, गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलतात त्या ठिकाणी, ते १९८४ च्या सुमारास सापडलं. तोवरची समजूत अशी, की कर्करोगाची जनुकं पेशींना वाढायला लावतात. मेलबर्नमध्ये १९८८ साली डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं, की हे जनुक पेशींना वाढायला लावत नाही, ते त्यांना मरू देत नाही. पुढे वॉ यांनी माणसाचं बीसीएल-२ ब्रेनर यांच्या त्या कृमीत घातलं, तर तिथेही मरणाऱ्या पेशी वाचल्या. हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर बसतं आणि आवरणाला भोकं पाडणाऱ्या प्रथिनांना आवरून धरतं. अण्णांच्या पेशींमध्ये ते गरजेहून कितीतरी जास्त होतं. सायटोक्रोम सी आत कोंडलेलं, इमानाने इलेक्ट्रॉन वाहत, पेशीला तगवत राहिलेलं.

काही वर्षांनी मानेत गाठी आल्या, हिमोग्लोबिन उतरलं, आणि डॉक्टरांनी व्हेनेटोक्लॅक्स सुचवलं. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी. ती बीसीएल-२ च्या खोबणीत जाऊन बसते. धरून ठेवलेली प्रथिनं सुटतात, आवरणाला भोकं पडतात, आणि सायटोक्रोम सी बाहेर येतं. गोळीचं काम तिथे संपतं. पुढचं सगळं पेशी स्वतः करते. हे मी अण्णांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी आयुष्यभर वाफेच्या कॉकवर हात ठेवून साखर शिजवलेली. ते म्हणाले, “वाफ पायपात हाय तवर साखर हुती, भायेर आली की मानूस भाजतंय. वाफ तीच.” इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगू शकले नव्हते.

पण पाइप एकदम सगळे उघडून चालत नाही. इतक्या पेशी एकाच वेळी मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक आम्ल रक्तात लोटतं आणि मूत्रपिंडं, हृदय कोलमडू शकतात. म्हणून पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यापासून ४००. आधीपासून भरपूर पाणी प्यायचं, युरिक आम्लाची गोळी घ्यायची, पहिल्या डोसानंतर काही तासांनी रक्त तपासायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. रुग्णालयाच्या त्या खोलीत मी अण्णांचा तांब्या भरत बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की आत्ता, या घटकेला, यांच्या रक्तात कोट्यवधी पेशींतून ते लाल प्रथिन बाहेर पडत असेल. एरवी ज्याच्या खेपांवर यांचा श्वास चालतो, तेच. आयुष्यात प्रथमच मी कुणाचं तरी मरण मनापासून मागत होते, आणि ते माझ्या वडिलांच्याच शरीरातलं होतं. पुढच्या आठवड्यांत आकडा असा उतरला की लॅबवाल्याने नमुना बदलला नाही ना, म्हणून पुन्हा पाहिलं. मानेतल्या गाठी हाताला लागेनाशा झाल्या.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे आहे. मरणाचं काम श्वासाच्या प्रथिनाकडे का असावं? त्या कृमीत मरणाचं यंत्र सायटोक्रोम सीवाचून चालतं. म्हणजे मरायला ते असायलाच हवं असं नाही. पाठीचा कणा असलेल्या आपल्यासारख्या प्राण्यांत मात्र ते या कामी आलं. मायटोकॉन्ड्रिया मुळात स्वतंत्र जिवाणू, फार पूर्वी दुसऱ्या पेशीत येऊन राहिलेले. तो जुना पाहुणाच मरणाची वेळ ठरवतो, यात काही जण पुरातन झटापटीची खूण पाहतात. मला ते तितकंसं पटत नाही. मला दुसरंच काही दिसतं. मरणासाठी निराळं, दुसरं काहीच काम नसलेलं प्रथिन नेमलं असतं, तर मरायचं नसलेल्या पेशीने ते सहज टाकून दिलं असतं. कर्करोगाच्या पेशी असंच करतात. पी-५३ सारखी राखण करणारी प्रथिनं त्या सर्रास गमावून बसतात आणि त्यांचं काही अडत नाही. सायटोक्रोम सी टाकणं मात्र त्यांना सहसा परवडत नाही. ते टाकलं तर श्वास जातो. जगायचं असेल तर मरणाचा निरोप्या घरात ठेवावाच लागतो. मग त्यांच्या हाती एवढंच उरतं, की भिंत जाड करायची. आणि भिंत जाड केलेली असेल तर तिला भोक पाडता येतं.

भिंतही बदलते, हे मला ठाऊक आहे. मेलबर्नमधल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की दीर्घकाळ ही गोळी घेतलेल्या काही रुग्णांच्या पेशींत बीसीएल-२ मधलं १०१ वं अमिनो आम्ल बदलतं आणि गोळी त्या खोबणीत नीट बसेनाशी होते. काही पेशी एमसीएल-१ नावाच्या भावकीतल्या दुसऱ्या राखणदाराचा आधार घेतात. अण्णांचा आकडा आजमितीला खाली आहे, ते कधी कधी पहाटे उसाला पाणी द्यायला जातात, आणि मी त्यांना यातलं काही लपवलेलं नाही. एमसीएल-१ ला अडवणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे. हृदयाच्या पेशींना ते प्रथिन लागतं म्हणून ती वाट बिकट आहे. त्या संशोधनाचा एक लेख छापून मी अण्णांच्या फाइलमध्ये, सीबीसीच्या रिपोर्टांमागे लावून ठेवला आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं आहे.